कनेक्टर नवा, दुखणं जुनंच

नेटवर्कच्या केबलची तक्रार नेहमी एकाच वाक्यात येते. "कनेक्टर बदलला, दोन-तीन आठवडे छान चाललं, आता पुन्हा तेच." तेच म्हणजे लाइन १००० एमबीपीएसवरून १०० वर घसरते, मधूनच तुटते, प्लग जरा दाबला की पुन्हा जोडली जाते. मग कोणीतरी केबलवर कनेक्टर दाबून बसवायचं क्रिंपिंग टूल काढतं, चार बोटं केबल कापतं आणि नवा कनेक्टर मारतं. दर वेळी केबल चार बोटं आखूड होते, दुखणं मात्र जागच्या जागी. एका ठिकाणी मीही याच चक्रात दोनदा फिरलो. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा भिंतीतल्या जॅकमध्ये टॉर्च मारून पाहिलं, जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. त्याबद्दल पुढे लिहितो.

हा दोष एकट्या कनेक्टरचा फार क्वचित असतो. केबल, तिच्या टोकाचा प्लग आणि तो ज्यात बसतो तो जॅक, या तिघांचं जमावं लागतं. आपण मात्र सगळ्यांना सरसकट 'आरजे-४५' म्हणतो आणि तिघं एकमेकांना साजेसे आहेत की नाही हे बघायचं राहूनच जातं.

आधी वेग बघा, टूल नंतर काढा

१०० एमबीपीएसची लाइन फक्त चार तारांवर चालते: १, २, ३ आणि ६. गिगाबिटला (१००० एमबीपीएसला) आठही तारा लागतात, म्हणजे चारही जोड्या: १-२, ३-६, ४-५, ७-८. गंमत अशी की दोन टोकांमध्ये 'आपण कोणत्या वेगाने बोलायचं' याची बोलणी १-२ आणि ३-६ याच जोड्यांवर होतात. त्यामुळे ७-८ जोडी मेलेली असली तरी दोन्ही टोकं खुशाल "गिगाबिट!" असं ठरवून मोकळी होतात. मग प्रत्यक्ष लाइन उभी करायला जातात आणि आपटतात. पुन्हा बोलणी, पुन्हा आपटणं. बरीचशी नेटवर्क कार्ड काही प्रयत्नांनंतर शहाणपणाने १०० वर उतरतात. काही मात्र हट्टाने प्रयत्न करत राहतात आणि दिवा लागतो-विझतो, लागतो-विझतो.

यातून निम्मं निदान बसल्या जागी होतं. लाइन १०० वर शांतपणे चालते आहे, पण १००० वर जात नाही? संशय ४, ५, ७, ८ या पिनांवर घ्या. लाइन पार तुटते, १०० सुद्धा येत नाही? १, २, ३, ६ यांच्यातलं काहीतरी सुटतंय. लाइन १००० दाखवते, पण फाइल पाठवताना रडते आणि स्विचवर, म्हणजे सगळ्या केबली जिथं जुळतात त्या डब्यावर, सीआरसी एरर (वाटेत बिघडलेल्या डेटाची नोंद) वाढताना दिसतात? मग तार तुटलेली नाही. जोड्या चुकीच्या बांधल्या आहेत, जोडीतल्या तारांचा पीळ जास्त उलगडलाय, केबल हलक्या प्रतीची आहे किंवा लांबी १०० मीटरच्या पलीकडे गेली आहे.

स्विच व्यवस्थापनयोग्य, म्हणजे संगणकावरून सांभाळता येणारा, असेल तर त्यात बहुधा केबल तपासणीची सोय असते. स्विच प्रत्येक जोडीत एक स्पंद सोडतो, तो किती वेळाने परत आला ते मोजतो आणि जोडी किती मीटरवर उघडी आहे ते सांगतो. आकडा दोन-चार मीटर इकडेतिकडे होतो. पण दोष स्विचच्या टोकाला आहे की भिंतीच्या, एवढं कळलं तरी अर्धा दिवस वाचतो.

एक गोष्ट करू नका. 'वेग सक्तीने १०० वर ठेवा, त्रास जाईल' असा सल्ला कोणी ना कोणी देतंच. त्रास जात नाही, झाकला जातो. त्यातही एकाच टोकाला सक्ती केली आणि दुसरं टोक आपोआप ठरवण्यावर राहिलं, तर एक बाजू फुल डुप्लेक्स (एकाच वेळी बोलणारी आणि ऐकणारी) आणि दुसरी हाफ (आळीपाळीने बोलणारी) अशी जोडी जमते. मग दिवे सगळे हिरवे आणि वेग मुंगीचा.

नावांचा घोळ, कारण त्यातूनच पुढची भानगड होते

'आरजे' म्हणजे रजिस्टर्ड जॅक. अमेरिकेत बेल कंपनीच्या टेलिफोन व्यवस्थेतून ही नावं आली आणि १९७६ मध्ये तिथल्या दूरसंचार आयोगाने ती नियमात बसवली. हे नाव प्लास्टिकच्या तुकड्याचं नव्हतंच. कोणत्या जॅकमध्ये कोणत्या तारा कशा जोडायच्या, त्या जोडणीचं ते नाव होतं. प्लास्टिकच्या तुकड्याचं नाव 'पी' आणि 'सी'मध्ये सांगतात: 'पी' म्हणजे जागा किती, 'सी' म्हणजे त्यातल्या किती जागांत पिना आहेत.

६पी२सी म्हणजे सहा जागा, दोन पिना. साधी एक लाइन असलेला फोन, म्हणजे खरा आरजे-११. ६पी४सी म्हणजे दोन लाइनी, आरजे-१४. ६पी६सी म्हणजे तीन लाइनी, आरजे-२५. तिन्हींचा बाहेरचा आकार एकच, त्यामुळे तिघांनाही आरजे-११ म्हटलं जातं आणि तिथं फारसं बिघडत नाही. रिसीव्हरच्या गुंडाळ्या वायरच्या टोकाला असतो तो सर्वात अरुंद, ४पी४सी. त्याला आरजे-९, आरजे-१०, आरजे-२२ अशी वाटेल ती नावं चिकटली आहेत, पण रिसीव्हरची वायर कधी 'रजिस्टर्ड' नव्हतीच.

आणि आपला नेटवर्कचा आठ पिनांचा प्लग म्हणजे ८पी८सी. मूळ आरजे-४५ हा वेगळाच प्राणी होता. मोडेमच्या लाइनीसाठीचा, बाजूला एक खाच असलेला, टेलिफोनची एकच जोडी वापरणारा. तो आता कुठे दिसत नाही आणि त्याचं नाव मात्र ८पी८सीला कायमचं डकवलं गेलंय. बोलताना मीही आरजे-४५च म्हणतो. पण माल मागवताना एवढं नाव पुरत नाही, कारण ८पी८सीमध्येही आत अनेक तऱ्हा असतात.

त्याआधी एक प्रश्न, जो क्रिंप करायला शिकणारा प्रत्येक जण विचारतो: केबलमधल्या चार रंगांच्या जोड्या नारिंगी, हिरवा, निळा, तपकिरी अशा सरळ ओळीत का नाही लावायच्या? मध्येच हिरव्याची जोडी फोडून निळी आत का घुसवायची? उत्तर फोनमध्ये आहे. सहा जागांच्या प्लगमध्ये पहिली लाइन मधल्या ३-४ पिनांवर असते आणि दुसरी लाइन तिच्या दोन्ही बाजूंना, २ आणि ५ वर. सहाचा प्लग आठच्या जॅकमध्ये घातला की मधोमध बसतो. त्याच्या ३-४ पिना आठच्या ४-५ वर येतात आणि २ व ५ या पिना ३ व ६ वर. म्हणजे एकाच जॅकवर फोनही चालावा म्हणून निळी जोडी मध्ये आणि दुसरी जोडी तिला कवेत घेऊन बसवली. हाच क्रम पुढे नेला असता तर तिसरी जोडी २-७ वर आणि चौथी १-८ वर आली असती. फोनला ते चालतं. पण जोडीतल्या दोन तारा इतक्या लांब गेल्या की वेगाचा डेटा टिकत नाही. म्हणून बाहेरच्या दोन जोड्या शेजारीशेजारी ठेवल्या, १-२ आणि ७-८.

म्हणजे फोनचा प्लग नेटवर्कच्या जॅकमध्ये बसतो, हा योगायोग नाही. आणि तिथंच गोम आहे.

सहाचा प्लग आठच्या जॅकमध्ये

टॉर्च घ्या. शक्य असेल तर मोबाइलने जवळून फोटो काढा आणि मोठा करून बघा. जॅकच्या आत आठ सोनेरी तारा एका रेषेत, एका उतारावर झुकलेल्या दिसल्या पाहिजेत. आठही एकाच उंचीला. त्यातल्या पहिल्या आणि आठव्या तारा बाकीच्यांपेक्षा आत दबलेल्या दिसल्या, तर त्या जॅकमध्ये कोणीतरी फोनचा प्लग घातलाय हे मी पैजेवर सांगतो.

कारण असं: आठच्या प्लगमध्ये प्रत्येक पिनेच्या जागी खाच असते आणि जॅकची स्प्रिंग त्या खाचेत बसते. सहाच्या प्लगमध्ये १ आणि ८ च्या जागी खाचच नाही, सरळ प्लास्टिकची भिंत आहे. प्लग आत गेला की ती भिंत त्या दोन स्प्रिंगांना नेहमीपेक्षा बरीच आत ढकलते. एकदा-दोनदा झालं तर स्प्रिंग बहुधा परत येते. महिनाभर फोनचा प्लग तिथंच राहिला तर ती स्प्रिंग आपला ताण विसरते. काही जॅक हा मार खाणारे बनवलेले असतात, पण सगळे नाही.

माझ्या त्या तिसऱ्या फेरीत नेमकं हेच निघालं. स्विचच्या टोकाला केबलवर थेट प्लग होता, दुसऱ्या टोकाला भिंतीत कीस्टोन जॅक, म्हणजे प्लेटमध्ये बसवायचा सुटा जॅक. पहिल्या वेळी मी स्विचकडचा प्लग बदलला, दुसऱ्या वेळी पॅच कॉर्ड, म्हणजे जॅकपासून उपकरणापर्यंतची छोटी केबल. दोन्ही वेळा 'हलवाहलव झाली' म्हणून लाइन चालू झाली आणि मी खूश होऊन निघालो. तिसऱ्या वेळी जॅकमध्ये पाहिलं तर आठवी स्प्रिंग सपशेल झोपलेली आणि पहिली अर्धवट. आठवी गेली म्हणून लाइन १०० वर यायची. पहिली कधी टेकायची, कधी नाही, म्हणून एखाद्या दिवशी पूर्णच तुटायची. दोन वेगळ्या तक्रारी वाटत होत्या, मूळ एकच. विचारल्यावर कळलं की महिन्यातून काही दिवस त्या टेबलावर कोणीतरी जुना फोन आणून त्याच जॅकला लावून बघतं, 'बसतोय म्हणून'.

जॅक दुरुस्त होत नाही. टाचणीने स्प्रिंग उचलून बघायचा मोह होतो, मीही केलंय. दोन दिवस चालतं. सरळ नवा कीस्टोन पंच करा, म्हणजे तारा त्यात दाबून बसवा, पाच मिनिटांचं काम आहे.

फोनचा प्लग नेटवर्कच्या जॅकमध्ये घालू नये याला दुसरंही कारण आहे. फोनच्या लाइनीवर एरवी ४८ व्होल्टच्या आसपास डीसी असतो आणि रिंग येते तेव्हा त्यावर ९० व्होल्टपर्यंतचा एसी चढतो. हे सगळं निळ्या जोडीवर. त्या जोडीच्या दुसऱ्या टोकाला फोनच्या एक्स्चेंजऐवजी कोणाचं नेटवर्क कार्ड असलं तर ते कौतुकाचं काम होणार नाही.

प्लगच जॅक खराब करतो तेव्हा

दबलेल्या सगळ्या स्प्रिंगा फोनमुळेच नसतात. आठपैकी तिसरी किंवा सहावीच दबलेली दिसली, तर तिथं जाणारा प्लग तपासा. नीट क्रिंप झालेल्या प्लगमध्ये सोनेरी पाती (म्हणजे त्याच्या पिना) मधल्या प्लास्टिकच्या कण्यांच्या किंचित खाली बसलेली असतात. प्लगवरून नख आडवं फिरवा. नख प्लास्टिकला लागलं पाहिजे, पात्याला अडकता कामा नये. एखादं पातं वर राहिलं असेल तर ते जॅकमधल्या आपल्या स्प्रिंगला जास्त मागे लोटतं. पुढे तुम्ही उत्तम प्लग लावलात तरी ती स्प्रिंग त्याच्यापर्यंत पोचत नाही. म्हणजे खराब प्लग काढून टाकला, पण जाताना तो जॅकही बिघडवून गेला.

पातं वर राहण्याचं कारण बहुतेक वेळा टूल. स्वस्त क्रिंपिंग टूलचा जबडा एका बाजूला झुकतो, मग पहिलं-दुसरं पातं छान बसतं आणि सातवं-आठवं अर्धवट. रॅचेटवालं टूल पूर्ण दाबल्याशिवाय उघडत नाही, म्हणून ते घ्या. आणि तरी एकदा दाबून झाल्यावर प्लग काढून नख फिरवाच.

सॉलिड की तंतूंची

इथं जरा थांबू, कारण 'दोन-तीन आठवडे चाललं' या वाक्याचं सर्वात मोठं उत्तर हे आहे.

भिंतीतून, छतातून जाणाऱ्या केबलमध्ये प्रत्येक तार एकसंध असते, सॉलिड. साधारण अर्धा मिलिमीटर जाडीची. पॅच कॉर्डमध्ये तीच तार सात बारीक तंतूंची असते, म्हणजे वाकवली तरी मोडत नाही. आता प्लगमधलं पातं तारेला कसं पकडतं ते बघा. आपण तार सोलत नाही. पातं वरून खाली येतं आणि प्लास्टिकचं आवरण फोडून तांब्याला भिडतं. तंतूंच्या तारेसाठीच्या पात्याला दोन टोकं एका रेषेत असतात, ती तंतूंच्या गुच्छात मधोमध घुसतात. सॉलिड तारेत ती घुसूच शकत नाहीत. तारेवर आपटून बाजूला सरकतात आणि कडेला टेकून राहतात. टेकून, पकडून नव्हे. टेस्टर लावला की आठही दिवे लागतात. मग दिवसा गरम, रात्री गार, कोणी केबल ओढली, टेबल सरकलं, आणि ते टेकणं सुटतं.

सॉलिड तारेसाठीच्या पात्याला तीन टोकं असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे, एक पुन्हा डावीकडे अशी. ती तारेला दोन्ही बाजूंनी कवेत घेतात. न क्रिंप केलेला प्लग उजेडात धरून पात्याच्या खालच्या कडेकडे भिंगातून पाहिलंत तर हा फरक डोळ्यांना दिसतो. तीन टोकांचे बरेचसे प्लग दोन्ही तऱ्हेच्या तारांना चालतात असं पाकिटावर लिहिलेलं असतं. तसं लिहिलेलं असेल तर तेच ठेवा, एका पिशवीत दोन प्रकार मिसळण्याचा प्रश्नच मिटतो. माझ्या पहिल्या फेरीतला प्लग पिशवीतल्या मिसळलेल्या मालातलाच होता, हेही कबूल करून टाकतो.

जाडीचंही तसंच. कॅट-५ई आणि कॅट-६ हे केबलचे दर्जे, सहाचा वरचा. कॅट-६ च्या बऱ्याच केबलींत तारेवरचं आवरण १ मिलिमीटरच्या वर जातं. कॅट-५ई च्या प्लगची भोकं त्याहून अरुंद. जोर करून ढकललं की सहा तारा टोकापर्यंत पोचतात आणि दोन मागे राहतात. क्रिंप करण्याआधी प्लगच्या पुढच्या तोंडाकडून बघा. आठ तांबडे ठिपके दिसले पाहिजेत. सात दिसले तर दाबू नका. कॅट-६ च्या बऱ्याच प्लगमध्ये म्हणूनच तारा वर-खाली अशा दोन पातळ्यांवर असतात आणि सोबत ओवायला छोटी पट्टी मिळते.

आरपार जाणारे प्लग सध्या सगळ्यांच्या आवडीचे आहेत. तारा पुढून बाहेर येतात, क्रम डोळ्यांनी तपासता येतो आणि टूल दाबताना टोकं कापली जातात. नवशिक्याला खरंच सोयीचे. फक्त टूलचं पातं बोथट झालं की टोकाला तांब्याचे कुसळांसारखे धागे राहतात आणि शेजारच्या तारेला टेकतात. तसे धागे दिसायला लागले की पातं बदला.

आणि केबलचं बाहेरचं आवरण. ते प्लगच्या आत, मागच्या दाब-खिट्टीखाली गेलंच पाहिजे. बाहेर आठ रंगीत तारा दिसताहेत असा प्लग मला दाखवला की मी पुढचं काही तपासतच नाही, आधी तो कापतो. ओढ सगळी त्या आठ तारांवर येते आणि त्या एकेक करून सरकतात. पीळही जास्तीत जास्त १३ मिलिमीटर उलगडायचा, त्याहून जास्त नाही.

आठही दिवे लागले, तरी लाइन आजारी

साधा दिव्यांचा टेस्टर एवढंच सांगतो की एकाची तार एकाला आणि दोनाची दोनाला पोचली. कोणती तार कोणाबरोबर पिळलेली आहे हे त्याला कळत नाही. समजा कोणी रंग सरळ जोडीने लावले: नारिंगी जोडी १-२, हिरवी ३-४, निळी ५-६, तपकिरी ७-८, आणि दोन्ही टोकांना तसंच. टेस्टर म्हणतो सगळं बरोबर. पण ३-६ या सिग्नलची एक तार आता हिरव्या पिळात आणि दुसरी निळ्या पिळात. पीळ ज्यासाठी घातला, म्हणजे बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखा पडावा आणि वजाबाकीत जावा, तेच संपलं. छोट्या केबलवर हे लक्षातही येत नाही. तीस-चाळीस मीटरवर एरर सुरू होतात, आणि शेजारून विजेची वायर गेली असेल तर आणखी.

म्हणून क्रम डोळ्यांनी वाचा. प्लगची खिट्टी खाली, सोनेरी पाती वर, केबल तुमच्याकडे येणारी असा धरला की डावीकडची पिन पहिली. रंग लावायच्या दोन ठरलेल्या पद्धती आहेत, ए आणि बी. बी पद्धतीत डावीकडून: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. ए पद्धतीत नारिंगी आणि हिरवी जोडी जागा बदलते, बाकी तेच. ए चांगली की बी यावर लोक तावातावाने भांडतात. दोन्ही टोकांना एकच ठेवा, विजेच्या दृष्टीने काही फरक नाही. एका टोकाला ए आणि दुसऱ्याला बी झालं तर ती क्रॉस केबल होते. आजची उपकरणं तेही आपोआप सांभाळून घेतात.

केबलच खोटी असेल तर

सगळं नीट करूनही दर काही आठवड्यांनी तेच होत असेल तर एका तारेचं टोक सोला आणि ब्लेडने हलकं खरवडा. वरचा तांबूस थर जाऊन आत चंदेरी निघालं, तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची केबल आहे. अ‍ॅल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या साधारण ६१ टक्के, ते दोन-चारदा वाकवलं की तुटतं, आणि आपल्या कामाचा खरा मुद्दा म्हणजे सततच्या दाबाखाली ते हळूहळू पसरतं. पात्याने आज घट्ट पकडलेली तार महिन्याने सैल पडते. उघडं पडलेलं टोक गंजून त्यावर थर चढतो तो वेगळाच. या केबलवर कितीही भारी प्लग लावा, तुम्ही पुन्हा येणार. केबल बदलायला सांगा आणि नाही म्हणाले तर तसं लिहून घ्या.

त्याच केबलमधून वीजही जात असेल, म्हणजे कॅमेरा किंवा वायफायचा डबा पीओईवर (नेटवर्कच्या केबलमधूनच मिळणाऱ्या विजेवर) असेल, तर प्रश्न तापण्याचा होतो. २००३ च्या पहिल्या मानकात स्विचकडून १५.४ वॅट होते, २००९ मध्ये ३० झाले आणि २०१८ मध्ये ९० पर्यंत गेले. ढिल्या जोडावर त्या प्रवाहाची उष्णता होते, आणि कॅमेरा रात्री, नेमका इन्फ्रारेड दिवे लागल्यावर, रीस्टार्ट होतो. दिवसा सगळं ठीक. 'रात्रीच का बंद पडतो' या प्रश्नाचं उत्तर मी अनेकदा प्लगमध्ये शोधलेलं आहे. शिवाय पीओई चालू असताना प्लग उपसून काढला की पात्याच्या टोकाला बारीक ठिणगी पडते आणि सोन्याचा थर तिथं जळतो. आधी स्विचवरून पोर्ट बंद करा, मग काढा.

'काढून घातला की चालतो' याचा अर्थ

चांगल्या प्लगच्या पात्यावर सोन्याचा थर ५० मायक्रो-इंच असतो, म्हणजे सव्वा मायक्रॉनच्या आसपास, आणि तो ७५० वेळा घालणं-काढणं सोसेल अशी अपेक्षा असते. स्वस्त प्लगवर सोनं नुसतं रंगापुरतं. ते घासून गेलं की खालचा धातू उघडा पडतो, पंख्याच्या थरथरीने सूक्ष्म घासत राहतो आणि त्यावर गंजाची भुकटी जमते. प्लग काढून घातला की ती भुकटी खरवडली जाते आणि लाइन चालू होते. तेवढ्यापुरतीच. म्हणून काढ-घाल केल्यावर चालू झालेली लाइन मी 'दुरुस्त' म्हणून नोंदवत नाही. टेस्टर सावकाश गतीवर लावून प्लगच्या मागे केबल चारही बाजूंना वाकवतो. एखादा दिवा लुकलुकला तर ते टोक दोषी.

खिट्टी तुटलेला प्लग मात्र तपासायचाच नसतो. बदला. टेप लावून, कागदाची घडी कोंबून चालवलेले प्लग मी पाहिले आहेत. ते कधी ना कधी बाहेर सरकतातच.

फोनकडचं थोडक्यात

फोनवर खरखर येत असेल तर आधी रिसीव्हरची गुंडाळी वायर बदलून बघा. तिच्यात तांब्याच्या पातळ पट्ट्या धाग्याभोवती गुंडाळलेल्या असतात आणि त्या टोकाच्या ४पी४सी प्लगपाशी तुटतात. त्या तारेवर नवा प्लग क्रिंप करण्यात वेळ घालवू नका.

डीएसएलचा, म्हणजे फोनच्या लाइनीवरून येणाऱ्या इंटरनेटचा, वेग कमी येत असेल तर मोडेमपर्यंतची चपटी वायर बघा. तिच्यात पीळच नसतो. मीटरभर असेल तर चालून जातं. सोयीसाठी पंधरा मीटर ओढली असेल तर वेग तिथंच गळतो. तेवढ्या अंतरासाठी पिळलेली केबल घ्या आणि दोन्ही टोकांना ६पी२सी लावा. प्लग घेताना तो गोल केबलचा आहे ना ते बघा, कारण चपट्या वायरच्या प्लगचं मागचं तोंड चपटंच असतं आणि गोल केबल त्यात धड पकडली जात नाही.

त्या भिंतीवर शेवटी मी काय केलं: जुना कीस्टोन काढला, नवा पंच केला, स्विचकडचा प्लग तीन टोकांच्या पात्याचा लावला. आणि त्याच प्लेटमधल्या रिकाम्या खणात सहा जागांचा एक फोनचा जॅक बसवून त्याला खरोखरच्या फोनची लाइन दिली. आठच्या जॅकवर काही लिहिलं नाही. सहाचा प्लग बाजूच्या सहाच्या भोकात 'टक' आवाज करून नीट बसतो, त्यामुळे हात आपोआप तिकडेच जातो.